जहाज आधी की मार्ग आधी? क्रूझ बुक करण्यापूर्वीचा खरा हिशेब

क्रूझला जायचं ठरलं की घरात दोन तट पडतात. मुलांना जहाज हवं असतं: घसरगुंड्या, रात्रीचे शो, मध्यरात्रीपर्यंत चालणारं जेवण. बाकीच्यांना गावं बघायची असतात: रोम, सँटोरिनी, अलास्काच्या हिमनद्या. दोघांचंही म्हणणं खरं असतं, पण पैसे एकदाच भरायचे असतात. मग जहाज बघून बुक करायचं की मार्ग बघून?

या प्रश्नाला सगळ्यांना लागू पडेल असं एक उत्तर नाही, पण ते शोधायची पद्धत नक्की आहे. माझं मत आधीच सांगते. सहल चार रात्रींपर्यंतची असेल तर आधी जहाज निवडा. सात रात्रींची किंवा त्याहून मोठी असेल, आणि त्या भागात तुम्ही पहिल्यांदाच जात असाल, तर आधी मार्ग निवडा. मात्र मार्ग निवडायचा म्हणजे माहितीपत्रकावरची बंदरांची नावं वाचायची नाहीत. त्या नावांमागे तुमच्या हाती प्रत्यक्ष किती तास लागणार हे बघायचं. घोडं पेंड खातं ते इथेच.

दोन टोकं आधी बघून घ्या

'क्वीन मेरी २' हे जहाज २००४ पासून साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क अशा फेऱ्या करतं. नेहमीची फेरी सात रात्रींची, आणि वाटेत एकही बंदर नाही. खाली अटलांटिक, वर आकाश. इथे जहाज हीच सहल. ग्रंथालय, व्याख्यानं, दुपारचा चहा, डेकवरच्या लांब फेऱ्या यात ज्याला रस नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

दुसरं टोक नॉर्वेची 'हुर्टिग्रुटेन' ही किनारी सेवा. १८९३ साली ती सुरू झाली आणि आज बर्गन ते किर्केनेस या मार्गावर चालते. ३४ बंदरं, आणि जाऊन-येऊन बारा दिवस. ही जहाजं स्थानिक प्रवासी आणि माल दोन्ही वाहतात. काही थांबे जेमतेम पंधरा मिनिटांचे, काही ऐन मध्यरात्रीचे. मोठा थिएटर शो नाही, कॅसिनो नाही. लोक जातात ते खिडकीबाहेर सरकणाऱ्या किनाऱ्यासाठी.

बाकीच्या सगळ्या क्रूझ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात. तुम्ही बघत असलेली क्रूझ कुठल्या टोकाकडे झुकते हे ओळखलंत की अर्धं काम झालं.

पायरी पहिली: रात्री मोजा, मग दिवस मोजा

कागदावर दोन रकाने करा. एकात जहाजावर उजाडणारे आणि जहाजावरच मावळणारे दिवस, म्हणजे 'सी डे'. दुसऱ्यात बंदरांचे दिवस. चढण्याचा दिवस बंदरात धरू नका, तो सामान, तपासणी आणि सुरक्षेच्या कवायतीत जातो. उतरण्याचा दिवस तर कशातच धरू नका, त्या दिवशी सकाळीच केबिन रिकामी करून द्यावी लागते. म्हणजे 'चार रात्री पाच दिवस' या जाहिरातीतले तुमच्या वाट्याचे पूर्ण दिवस तीनच.

म्हणूनच छोट्या सहलीत जहाजाला वजन द्यायचं. मुंबई–गोवा–मुंबई क्रूझचं उदाहरण घ्या. गोव्याला रेल्वेने, बसने, विमानाने कसंही जाता येतं, आणि हे वाचणाऱ्या बहुतेकांनी गोवा पाहिलेलाही असतो. शिवाय जहाज लागतं मुरगाव बंदरात. वास्कोहून कळंगुटपर्यंत जाऊन परत यायचं म्हटलं तर दुपार त्यातच संपते. तेव्हा इथे तुम्ही पैसे मोजता ते जहाजासाठी. मग जहाजाचीच चौकशी करा: केबिन कशी, जेवण कसं, मुलांसाठी काय, रात्री आवाज किती.

मुंबईहून २०२१ पासून चालणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने रॉयल कॅरिबियनच्या सेवेत दाखल झालं होतं. साधारण ४८ हजार टनांचं हे जहाज आजच्या मानाने मध्यम आकाराचं. जुन्या बांधणीमुळे बाल्कनीच्या केबिन मोजक्या आणि आतल्या, म्हणजे बिनखिडकीच्या, केबिन लहान. हे दोष म्हणून सांगत नाही. दोन रात्रींसाठी, पहिल्यांदा समुद्रावर झोपून बघायला, मुंबईच्याच धक्क्यावरून निघणारं जहाज ही मोठी सोय आहे. फक्त इंटरनेटवर अमेरिकेतल्या नव्या महाकाय जहाजांचे व्हिडिओ बघून इथे चढू नका.

सिंगापूरहून तीन-चार रात्रींच्या फेऱ्या करणारं 'गेंटिंग ड्रीम' हेही जहाज-आधी प्रकारातलंच. २०१६ चं, दीड लाख टनांचं जहाज. तिथे शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असल्यामुळे आपल्याकडची कुटुंबं ते आवर्जून घेतात. वाटेत पोर्ट क्लांग (क्वालालंपूरचं बंदर), पेनांग किंवा फुकेत लागतं. पण खरं सांगायचं तर क्वालालंपूर बघायचंच असेल तर ते वेगळ्या सहलीत बघावं.

लक्षद्वीपची क्रूझ मात्र छोटी असूनही मार्गासाठी घ्यायची असते. तिथे जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, विमानं मोजकी, राहायच्या सोयी मर्यादित. त्यामुळे जहाज हाच अनेकांसाठी सोपा रस्ता. पण तिथे काय होतं ते नीट समजून घ्या. तिथल्या अगत्ती बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे आणि आतला तलाव उथळ. मोठं जहाज आत जाऊच शकत नाही, ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं. जहाजाच्या कुशीतलं, पाण्याच्या पातळीजवळचं एक दार उघडतं आणि खाली छोटी होडी येऊन लागते. ती लाटेबरोबर वरखाली होत असते. दोन खलाशी तुमच्या दंडाला धरतात, होडी वर आली की 'आता' म्हणतात आणि तुम्ही पाऊल टाकायचं. धडधाकट माणसाला यात काहीच अवघड नाही. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या आजींना आहे. आणि समुद्र खवळलेला असेल तर कप्तान उतरवणंच रद्द करतो. मग ज्या निळ्या पाण्यासाठी गेलात, ते लांबूनच बघायचं. लक्षद्वीपसाठी तारीख निवडताना मेच्या शेवटाकडे जाऊ नका, डिसेंबर ते मार्च धरा.

पायरी दुसरी: बंदराच्या नावाखाली लपलेलं अंतर काढा

मार्ग-आधी बुकिंग करणाऱ्यांची सर्वात जास्त निराशा इथे होते. माहितीपत्रकात 'रोम' लिहिलेलं असतं. जहाज लागतं चिविताव्हेकियाला, रोमपासून सुमारे ८० किलोमीटरवर. 'फ्लोरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून फ्लोरेन्स साधारण ९० किलोमीटर. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, जवळजवळ २०० किलोमीटर. 'बँकॉक' म्हणजे लेम चबांग, शंभराहून अधिक किलोमीटर. 'लंडन' म्हणजे बहुधा साउथॅम्प्टन. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी गत होऊ द्यायची नसेल तर प्रत्येक नावापुढे कंसात धक्क्याचं नाव काय आहे ते वाचा आणि नकाशावर अंतर मोजा.

व्हेनिसचं तर विशेष लक्षात ठेवा. १ ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांपेक्षा मोठी जहाजं सेंट मार्क चौकासमोरच्या पाण्यातून आणि ज्युडेका कालव्यातून जाऊ शकत नाहीत. मोठी जहाजं आता मार्गेरा, त्रिएस्ते किंवा राव्हेन्ना अशा बंदरांवर लागतात, आणि राव्हेन्ना व्हेनिसपासून दोन तासांच्या आसपास आहे. डेकवर उभं राहून व्हेनिसच्या मनोऱ्यांजवळून सरकत जाण्याची जुनी छायाचित्रं अजूनही फिरतात. मोठ्या जहाजावरून तो देखावा आता मिळत नाही.

उलट काही बंदरं अगदी शहराच्या मांडीवर आहेत. नॉर्वेतलं बर्गन, माल्टाचं व्हॅलेटा, क्रोएशियातलं स्प्लिट, माँटेनेग्रोचं कोटोर, अलास्कातलं जुनो. उतरलं की गाव सुरू. अशा बंदरांत सहा तास मिळाले तरी सोनं.

पायरी तिसरी: तासांची वजाबाकी करा

चिविताव्हेकियाचाच दिवस मांडून बघू, कारण भूमध्य समुद्रातल्या बहुतेक क्रूझमध्ये तो येतो. वेळापत्रक म्हणतं: सकाळी ७ ते संध्याकाळी ७. बारा तास! आता वजाबाकी. जहाज धक्क्याला लागून उतरायची परवानगी मिळेपर्यंत साडेसात. बंदराच्या शटल बसने बाहेर यायचं, तिथून रेल्वे स्टेशन गाठायचं, तिकीट काढायचं. साडेआठच्या सुमारास गाडी मिळाली तर सव्वानऊ-साडेनऊला रोमा सान पिएत्रो स्टेशन. हे व्हॅटिकनच्या जवळचं, म्हणून तेर्मिनी या मुख्य स्टेशनपर्यंत न जाता इथेच उतरणं सोयीचं. संध्याकाळी जहाजावर चढण्याची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी, म्हणजे सहा-साडेसहा. सुरक्षिततेसाठी तुम्ही पाचच्या सुमारास बंदरात असायला हवं. म्हणजे रोममधून जास्तीत जास्त चारची गाडी. हाती उरले साडेसहा तास. त्यात एक जेवण, आणि व्हॅटिकन संग्रहालयाची रांग.

साडेसहा तासांत रोमचं एक दर्शन होतं, आणि अनेकांना तेवढं पुरेसं असतं. पण तुमच्या मनात कोलोसियम, व्हॅटिकन, त्रेव्ही आणि निवांत जेवण असं सगळं असेल, तर चिविताव्हेकियाहूनच निघणारी क्रूझ घ्या आणि आधी दोन दिवस रोममध्ये राहा. जे शहर तुम्हाला सर्वात जास्त बघायचं आहे ते क्रूझच्या सुरुवातीला किंवा शेवटी यावं, मधल्या दिवसांत नको. आखणीचा हा नियम मी प्रत्येकाला सांगते आणि तो बार्सिलोना, अथेन्स, सिंगापूर, व्हँकुव्हर सगळीकडे लागू पडतो.

अशीच वजाबाकी प्रत्येक बंदरासाठी करा आणि एकूण तासांची बेरीज मांडा. दोन क्रूझची तुलना करायला हा आकडा बंदरांच्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त कामाचा आहे. सहा बंदरं आणि पंचवीस तास, यापेक्षा चार बंदरं आणि तीस तास, त्यातही एखाद्या ठिकाणी रात्रभर मुक्काम, ही क्रूझ मला नेहमीच उजवी वाटते. रोज पहाटे उठून बस पकडायची, असे सलग सहा दिवस काढल्यावर माणूस सुट्टीवरून दमून येतो.

पायरी चौथी: उतरणार कसे आणि गर्दी किती

वेळापत्रकात 'टेंडर' किंवा नांगराचं चिन्ह दिसलं तर थांबा. म्हणजे जहाज धक्क्याला लागणार नाही, छोट्या बोटींतून किनाऱ्यावर न्यावं लागेल. सँटोरिनी हे याचं ठळक उदाहरण. समुद्राच्या पाण्याने भरलेल्या ज्वालामुखीच्या विवरात जहाजं उभी राहतात, बोटी तुम्हाला कड्याच्या पायथ्याशी सोडतात आणि फिरा हे गाव वर कड्यावर. वर जायला केबल कार, नाहीतर साडेपाचशेहून जास्त पायऱ्या. तीन मोठी जहाजं एकाच वेळी आली की केबल कारच्या रांगेत तास जातो, परतताना पुन्हा तेवढाच. ग्रीसने २०२५ पासून सँटोरिनीला दिवसाला ८,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली आहे आणि जुलै २०२५ पासून सँटोरिनी व मिकोनोससाठी उन्हाळ्याच्या हंगामात प्रवाशामागे २० युरोंचा कर लावला आहे. मर्यादा घालूनही आठ हजार हा आकडा त्या छोट्या गावासाठी मोठाच आहे. म्हणून जहाज संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणारं असेल तर त्याला प्राधान्य द्या.

त्या तारखेला त्या बंदरात आणखी किती जहाजं असणार हे आधी कळू शकतं. बंदरांची स्वतःची वेळापत्रकं असतात आणि 'क्रूझमॅपर'सारख्या संकेतस्थळांवर तारखेनुसार यादी बघता येते. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यावरून एका आठवड्याऐवजी दुसरा आठवडा निवडावा इतका फरक पडतो. काही गावांनी स्वतःच वेसण घातली आहे. अलास्कातल्या जुनोने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा ठरवली. दुब्रॉव्हनिकनेही एका वेळी दोनच जहाजं असं धोरण ठेवलं.

पायरी पाचवी: सोबत कोण आहे

वर केलेला सगळा हिशेब सोबतची माणसं बदलली की बदलतो. आई-बाबा सत्तरीचे असतील तर टेंडरची बंदरं कमी, शहराला लागून असलेली बंदरं जास्त आणि मध्ये किमान एक-दोन सी डे असा मार्ग बघा. अलास्का ज्येष्ठांना फार मानवतं, कारण तिथलं बरंचसं वैभव खुर्चीत बसून बघता येतं. स्कॅगवेहून निघणारी व्हाइट पास अँड युकॉन ही छोटी रेल्वे १९०० साली पूर्ण झाली. ती दरीच्या कडेने वर चढते आणि चालावं असं फारसं लागत नाही. नॉर्वेत फ्लामची वीस किलोमीटरची रेल्वेही तशीच.

सहा ते चौदा वयाची मुलं असतील तर प्रामाणिकपणे सांगते, जहाजाला झुकतं माप द्या. चौथ्या चर्चमध्ये ती कंटाळणार आणि मग कुणालाच चर्च बघता येणार नाही. 'आयकॉन ऑफ द सीज'सारखी जहाजं याच कुटुंबांसाठी बांधलेली आहेत. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून सुरू झालेलं हे जहाज जवळजवळ अडीच लाख टनांचं आहे आणि त्यात जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात. त्याच्या वेळापत्रकातलं कोकोके हे बेटही कंपनीच्याच ताब्यातलं आहे. म्हणजे बंदरसुद्धा जहाजाचाच विस्तार. तिथे कॅरिबियन संस्कृती शोधायला जाऊ नये, पण मुलांचा आठवडा झकास जातो.

तीन पिढ्या एकत्र जाणार असाल तर मधला मार्ग असा: मोठं जहाज, पण बंदरं शहराला लागून असलेली. म्हणजे आजोबा-आजी नातवंडांबरोबर जहाजावर थांबू शकतात आणि तुम्ही दोघं गावात फिरून येऊ शकता. जहाज बंदरात असताना निम्मं रिकामं असतं, पोहण्याचा तलाव तेव्हाच शांत मिळतो.

पायरी सहावी: भारतीय पासपोर्टचा मार्ग

परदेशी लेखांत हा भाग सापडत नाही, आणि आपल्यासाठी तोच निर्णायक ठरतो. जहाज ज्या ज्या देशात लागणार, त्या प्रत्येकाचा प्रवेश तुम्हाला हवा. जहाजावरून उतरणार नाही म्हटलं तरी बहुतेक कंपन्या व्हिसाशिवाय चढूच देत नाहीत.

अलास्काचं बघा. सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी क्रूझ 'फक्त अमेरिका' वाटते. पण १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजांना अशा गोल फेरीत मध्ये एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून ही जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, पुष्कळदा संध्याकाळी येऊन मध्यरात्रीपर्यंत. त्या चार-पाच तासांसाठी तुम्हाला कॅनडाचा व्हिसा काढावा लागतो. मग दोन्ही व्हिसा लागणारच असतील तर व्हँकुव्हरहून निघणारी क्रूझ का घेऊ नये? व्हँकुव्हरची जहाजं 'इनसाइड पॅसेज'च्या आडोशाच्या पाण्यातून जातात, दोन्ही बाजूंना डोंगर. सिएटलची जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या प्रशांत महासागरातून जातात. ज्यांना बोट लागते त्यांना हा फरक पहिल्याच रात्री कळतो.

नॉर्वेचं तसंच. साउथॅम्प्टनहून निघालात तर ब्रिटनचा व्हिसा आणि शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा), दोन्ही. कोपनहेगन, कील किंवा हॅम्बुर्गहून निघालात तर एकट्या शेंगेनवर भागतं. पूर्व भूमध्य समुद्रात तुर्किये किंवा माँटेनेग्रो मध्ये आलं की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येता, म्हणून एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा हवा. क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्येच आहे. सिंगापूरची फेरीही तपासा: जहाजावर चढणं म्हणजे देशातून बाहेर जाणं, परतणं म्हणजे नवा प्रवेश.

अमेरिकेच्या व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी आपल्याकडे महिनोन्‌महिने थांबावं लागू शकतं. तेव्हा आधी व्हिसा, मग न परत मिळणारे पैसे. एजंट 'होऊन जाईल' म्हणाला तरी हा क्रम मोडू नका.

पायरी सातवी: आता जहाज

मार्ग नक्की झाला की त्याच मार्गावर, त्याच महिन्यात जाणारी तीन-चार जहाजं समोर ठेवा. जहाजाचे 'टन' म्हणजे वजन नाही, आतल्या जागेचं ते मोजमाप आहे. म्हणून एकूण टनांना दोन माणसं एका केबिनमध्ये धरून येणाऱ्या प्रवासीसंख्येने भागा. उत्तर तिसाच्या आसपास आलं तर जेवणघरात, लिफ्टजवळ दाटी जाणवेल. चाळीसच्या पुढे गेलं तर ऐसपैस. आयकॉनसारखं अवाढव्य जहाजसुद्धा या हिशेबाने चव्वेचाळीसच्या घरात येतं, म्हणजे मोठं जहाज दाटीचंच असेल असं नाही. मात्र उतरताना ते सगळे प्रवासी एक-दोनच दारांतून उतरतात, हे विसरू नका.

जहाज बांधल्याचं साल बघा, पण त्याहून जास्त ते शेवटचं गोदीत नेऊन कधी दुरुस्त केलं ते बघा. पंधरा वर्षांचं, नुकतं नूतनीकरण झालेलं जहाज आठ वर्षांच्या थकलेल्या जहाजापेक्षा चांगलं असू शकतं. एकाच वर्गातली जहाजं आतून बरीचशी सारखी असतात, त्यामुळे नव्या जहाजाचा भाव परवडत नसेल तर त्याच वर्गातलं थोडं जुनं जहाज शोधा.

केबिनसाठी नियम साधा: बोट लागत असेल तर जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर. वर झोका जास्त, टोकाला हेलकावा जास्त. केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते डेकच्या नकाशावर बघा. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर झोप शांत. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. बाल्कनीचे पैसे अलास्का आणि नॉर्वेत वसूल होतात. रोज सकाळी सातला बाहेर पडायचं अशा भूमध्य समुद्रातल्या मार्गावर आतली केबिन घ्या आणि वाचलेल्या पैशांत एक दिवस चांगला गाइड करा.

जेवणाबद्दल बुकिंगपूर्वी लेखी विचारा. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की युरोपीय जहाजांवर अंडं किंवा मासळीचा अंश असलेली भाजी मिळू शकते. भारतीय शाकाहारी, जैन, कांदा-लसूण नको असं स्पष्ट लिहा आणि उत्तर जपून ठेवा.

जिथे जहाजच मार्ग ठरवतं

काही ठिकाणी हा वाद आपोआप मिटतो. अंटार्क्टिकात ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कुणालाही किनाऱ्यावर उतरवत नाहीत, आणि एका जागी एका वेळी शंभरच माणसं उतरू शकतात. मोठं जहाज स्वस्त दिसतं, पण त्यातून पेंग्विन डेकवरूनच बघावे लागतात. गॅलापागोसमध्ये तर शंभरापेक्षा जास्त प्रवाशांची जहाजंच चालत नाहीत.

अलास्कातल्या ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश आहे आणि त्यातल्या बहुतेक फेऱ्या हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस या कंपन्यांच्या वाट्याला येतात. तिथे बंदर नाही, कुणी उतरत नाही. उद्यानाचे रेंजर सकाळी जहाजावर चढतात आणि ध्वनिक्षेपकावरून माहिती देत राहतात. जहाज हिमनदीसमोर हळूच स्थिर होतं. बराच वेळ काहीच घडत नाही. मग बंदुकीच्या बारासारखा आवाज येतो, आणि तो ऐकून तुम्ही बघेपर्यंत बर्फाचा कडा पाण्यात गेलेला असतो. आवाजाच्या आधी नजर तिथे हवी, म्हणून लोक तासन्‌तास कठड्याला उभे राहतात. अशा दिवशी पुढच्या बाजूला मोकळा, सगळ्यांना खुला डेक असलेलं जहाज हवं. तिथे घसरगुंडीचा काही उपयोग नाही.

नॉर्वेच्या गेइरांगर आणि नेरॉय या जागतिक वारशातल्या फ्योर्डमध्येही (डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांत) प्रदूषणमुक्त जहाजांचा नियम टप्प्याटप्प्याने येतो आहे. १० हजार टनांखालच्या जहाजांना २०२६ पासून, मोठ्यांना २०३२ पासून. मोठ्या जहाजातून गेइरांगर बघायचं असेल तर फार वर्षं पुढे ढकलू नका.

महिना

हा भाग थोडक्यात. कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा हंगाम, म्हणून भाव उतरतात आणि मार्ग बदलतात. अलास्का साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. नॉर्वेत मे-जूनमध्ये बर्फ वितळून धबधबे भरलेले असतात. ग्रीस आणि इटलीत जुलै-ऑगस्ट टाळा, मे किंवा सप्टेंबर घ्या. दुबई-अबू धाबी फक्त हिवाळ्यात. शाळांच्या सुट्ट्यांमुळे मे महिना हाती असेल तर भूमध्य समुद्र आणि नॉर्वे दोन्ही छान जमतात.

पैसे भरण्यापूर्वी

दोन क्रूझचे भाव समोरासमोर ठेवताना जाहिरातीतला आकडा धरू नका. त्यात बंदर शुल्क आणि कर, रोजची टिप, वाय-फाय, पेयं, किनाऱ्यावरच्या सहली, विमान, आदल्या रात्रीचं हॉटेल, व्हिसा, विमा आणि आपल्याकडचा टीसीएस (परदेशी सहलीच्या पैशांवर आधीच घेतला जाणारा कर) मिळवा. अमेरिकी कंपन्यांत टिप माणशी, रोजची आकारली जाते. चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींत ती चांगलीच जाणवते. एकट्याने जाणार असाल तर बहुतेक ठिकाणी दोघांचं भाडं द्यावं लागतं, म्हणून एकट्यांसाठीच्या केबिन असलेलं जहाज शोधा.

तिकिटाच्या करारातलं मार्गबदलाचं कलम वाचाच. हवामान, संप, युद्ध किंवा कप्तानाचा निर्णय, कुठल्याही कारणाने बंदर वगळायचा हक्क कंपनीकडे असतो. परत मिळतं ते बहुधा त्या बंदराचं शुल्क. म्हणून स्वतःला विचारा: यातलं एक बंदर गळलं तरी मी ही क्रूझ घेईन का? सगळी सहल एकाच टेंडर बंदरावर तोललेली असेल, तर ते ठिकाण विमानाने जाऊन बघणं जास्त शहाणपणाचं.

बुकिंग झालं की विमान अशा बेताने घ्या की क्रूझच्या किमान एक दिवस आधी तुम्ही त्या शहरात पोहोचाल. जहाज उशीर झालेल्या विमानासाठी थांबत नाही. बंदरात स्वतः फिरायला गेलात आणि परतायला उशीर झाला तरीही थांबत नाही. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर थांबतं. तेव्हा चिविताव्हेकिया किंवा ल हाव्रसारख्या लांबच्या बंदरात कंपनीची सहल घ्या, आणि जिथे उतरल्या उतरल्या गाव सुरू होतं तिथे पैसे वाचवून पायी फिरा. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, कारण ती स्थानिक वेळेपेक्षा वेगळी असू शकते. पासपोर्टची झेरॉक्स आणि बंदरातल्या जहाज कंपनीच्या प्रतिनिधीचा फोन नंबर खिशात असू द्या. तो नंबर रोज रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर किंवा जहाजाच्या अ‍ॅपमध्ये दिलेला असतो.